बाजरी निसवते तेव्हा

माझ्या फोनमध्ये हवेतल्या परागकणांचा अंदाज सांगणारं एक अ‍ॅप आहे. त्यात दौंड नाही, शिरूर नाही, माझं माहेर केंदूर तर विचारूच नका. दौंड टाईप केलं की ते जरा वेळ गोल गोल फिरतं आणि पुणं पुढं करतं. म्हणजे सव्वा-दीड तास गाडीनं गेल्यावर लागणाऱ्या शहरात काय उडतंय, ते मला इथं दौंडच्या रेल्वे क्वार्टरच्या खिडकीत कळतं. खिडकीबाहेर पार रुळांपर्यंत गाजरगवत पांढरं फुललेलं, आणि फोनवर हिरव्या अक्षरांत 'कमी'. मला त्या हिरव्या रंगाचा संताप येतो. तरी मी ते दिवसातून दहा वेळा उघडते.

कारण घरातच आहे. हे मालगाडी चालवतात. पावसाळा सरत आला की ह्यांचं नाक सुरू होतं, डोळे सुजतात, शिंका लागल्या की थांबत नाहीत. झोप न आणणाऱ्या गोळ्यांचा ह्यांना गुण येत नाही. जिचा येतो ती जुनी गोळी घेतली की माणूस बसल्या जागी पेंगतो. ती घेऊन इंजिनावर चढायचं नाही, हा नियम. मग आजारी असल्याचं कळवायचं, रेल्वेच्या भाषेत सिक करायचं. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात ह्यांनी दोनदा सिक केलं, तेव्हा साहेबांनी बजावलं, आता तिसऱ्यांदा झालं तर मोठ्या तपासणीला पाठवू. तिथं नापास झालं की इंजिन सुटलं आणि टेबलावर फायली. सुट्टीच्या दिवशीही रुळाकडं तोंड करून जेवणारा हा माणूस. त्याला टेबलामागं बसलेला बघायची माझी तयारी नव्हती.

खरा अंदाज यायचा केंदूरहून. माझे वडील, आबा, सकाळी शेतातूनच फोन करायचे.

"जयभीम. बाजरी निसावली गं. आत शिरलं की पिवळी भुकटी अंगावर येती. जावईबापूंना म्हणावं, नाक बांधून ऱ्हावा."

"आबा, फोनवर कमी दाखवतंय."

"फोन काय बाजरीत उभा हाय व्हय?"

केंदूरची बाजरी निसवली, म्हणजे कणसं बाहेर पडून फुलोऱ्यात आली, की दोन-चार दिवसांत दौंडच्या कडेचीही येते. आणि चार दिवसांत ह्यांचे डोळे. हे माहीत असूनही मी त्या हिरव्या अक्षरांवर जीव टांगून बसायचे. शिवणयंत्रावर बायकांचे ब्लाऊज असायचे, बाही उलटी लागायची, उसवायची, पुन्हा उलटीच लागायची.

त्या दिवशी ह्यांची रेस्ट होती. सकाळपासून शिंका. मी म्हटलं, "अहो, गोळी घ्या की. आज कुठं जायचंय?"

"नको. ऐनवेळी ड्युटीचा कॉल आला तर?"

"रेस्टला कुठला कॉल?"

ह्यांनी नाक पुसलं. मला राग आला. तीन दिवस मी हेच 'नको' ऐकत होते. दुपारी चहा ठेवला, आलं नेहमीपेक्षा जास्त ठेचलं, साखरही वाढवली आणि गोळी चमच्यानं चुरडून ह्यांच्या कपात टाकली. माझा हिशेब पक्का होता. संध्याकाळपर्यंत झोपतील, उद्या उठतील ते मोकळ्या नाकानं. आजारी पोराला आई गुळात औषध देते, तसंच वाटलं मला. हे म्हणाले, "आज चहा कडक झालाय." आणि सगळा प्याले.

वीस मिनिटांत फोन वाजला. एक ड्रायव्हर अचानक आजारी पडला होता, येता का म्हणून विचारत होते. रेस्ट होती, नाही म्हणता आलं असतं. पण साहेबांच्या मनातला संशय पुसायला याहून बरी संधी मिळणार नव्हती. हे लगेच हो म्हणाले आणि कपडे करायला लागले.

मी ओट्यापाशी उभी. लॉबीत, म्हणजे ड्रायव्हर जिथं हजेरी देतात तिथं, फुंकर मारायचं मशीन आहे. ते दारू पकडतं. माझी गोळी पकडणार नव्हतं. मी गप्प बसले असते तर हे सरळ इंजिनावर चढले असते. आणि खरं सांगते, मी थोडा वेळ गप्प बसले. एक बूट घालून होईपर्यंत गप्प बसले. तेवढ्यात ह्यांना मोठी जांभई आली.

"अहो, जाऊ नका. चहात गोळी होती."

ह्यांनी मान वर केली. ओरडतील असं वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. हातातला दुसरा बूट खाली ठेवला आणि फोन लावला.

"साहेब, येता येत न्हाई. चुकून झोपेची गोळी घेतली मी." 'मी' म्हणाले.

व्हायचं ते झालं. तपासणी झाली, दीड महिना इंजिन बंद. इंजिनांच्या शेडमध्ये टेबलामागं बसले, घरी आले की डबा ठेवून गाड्यांचे आवाज ऐकत बसायचे. मी माफी मागितली. "झालं ते झालं," म्हणाले. शेवटी एका डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा दिला. फुलोऱ्याच्या आठवडाभर आधी सुरू करा म्हणाले. आधी म्हणजे कधी ते कसं कळणार, असं त्यांनीच विचारलं, तर हे म्हणाले, "सासरे सांगतील."

फवारा लागू पडला. हे परत इंजिनावर चढले. आबांचा फोन आता सरळ ह्यांना येतो, बाजरी पोटरीत आली की, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधीच. दोघं तासभर बोलतात. मला कोणी काही विचारत नाही.

आणि त्या गोळीच्या दिवसापासून चहा हे स्वतः करतात. पहिल्या आठवड्यात मी हसत विचारलं होतं, "माझ्या हातचा कधी घेणार?"

"बाजरी निघू दे," म्हणाले.

बाजरी निघाली. ज्वारी आली, हुरडा झाला, तीही निघाली. यंदाची बाजरीसुद्धा निसवली. रोज सकाळी हे दोन कप भरतात, एक यंत्रावर माझ्यापुढं ठेवतात. आलं कमी असतं. मी पिते.