साध्या डब्यातला खडा

दुष्काळातल्या लढ्याला पन्नास वर्षं झाली म्हणून काढलेल्या स्मरणिकेच्या नवव्या पानावर मी छापून टाकलं : ‘मशाल दलाच्या प्रमुखपदी भिमाजी यांची बिनविरोध निवड झाली.’ तेव्हा हजर असलेले दोन म्हातारे फोनवर मतांचे दोन वेगळे आकडे सांगत होते. तिसऱ्या कुणाला विचारायचा मला कंटाळा आला होता, आणि छापखानेवाला म्हणत होता, आज दे नाहीतर दिवाळीनंतर ये. भांडण मिटवायला ‘बिनविरोध’सारखं औषध नाही, एवढं आमच्या सोसायटीच्या निवडणुका बघून मीही शिकलोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळुबाई दारात उभी. आमच्या वस्तीतलं वरच्या अंगाचं घर तिचं. वय सत्तर. कांदाकाढणीच्या टोळीत पन्नास वर्षं वाकून वाकून आता उभी राहिली तरी थोडी वाकलेलीच. अक्षरं ती पोरींच्या पुस्तकांवर शिकली, त्यामुळे वाचते सावकाश, पण सोडत काहीच नाही.

“समर्थ, हे बिनइरोध कुनी लिवलं?”

“मी, आजी.”

“मग माझा इरोध कुठं गेला रं?”

मी खुर्ची दिली. ती जोत्यावरच बसली आणि म्हणाली, “त्येच इचाराया आले. पन्नास वर्सं झाली, मला कुनी सांगंना.”

गोष्ट त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यातली. दुष्काळ. अवसरी खुर्दच्या माळावर पाझर तलावाचं काम, त्यावर खडी फोडणारी माणसं. हजेरी चुकीची, मजुरांना खायला मिळणाऱ्या सुकडीत अळ्या. तेव्हा सदतीस जणांनी मशाल दल काढलं. पुण्याच्या वसतिगृहातून परत आलेल्या भिमाजीनं त्यांना ‘क्रांती’ हा शब्द दिला. तोवर माळावर तो कुणाकडे नव्हता. प्रमुख कोण, यावर दोन तट पडले. भिमाजी म्हणे, मुंबईला जाऊ, साऱ्या जिल्ह्यांची कामं जोडू. दादाभाऊ म्हणे, इथंच बसू, इथंच लढू. भिमाजी निवडून आला तर जाणार, पडला तर राहणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कागद नव्हता. सुकडी आणायचे दोन डबे ठेवले. एकाच्या कडीला हिरवी चिंधी, तो भिमाजीचा. दुसरा साधा, तो दादाभाऊंचा. ज्यानं त्यानं एकेक खडा टाकायचा.

“चिंदीचा डबा माझा व्हता,” साळुबाई म्हणाली. “चिंदीबी माझ्याच लुगड्याची.”

“आणि मत?”

“साध्या डब्यात.” ती अंगणातल्या कोंबडीकडं बघत राहिली. “तो जाऊ नये म्हून.”

त्या दोघांचं कुठं काही ठरलेलं नव्हतं. फक्त माळभर सगळ्यांना माहीत होतं, एवढंच. आणि मतं पडत होती तेव्हा ती चुलीवर होती. चौघी बायकांचे खडे गोळा करून न्यायला सावळेराम आला. हातोडे वाटणारा तो, मोजणीही त्याच्याकडे. तिनं त्याला खडा दिला आणि सांगितलं, साध्यात टाक.

“टाकला का न्हाई, येवढंच इचारून ये. गाडी हाय ना तुझ्याकडं?”

माझ्या चुकीची शिक्षा म्हणून मी निघालो. आधी मंचरला, दादाभाऊंकडं. सुनेनं चहा दिला, त्यांनी आकडा दिला.

“एकोनीस-अठरा. एका खड्यानं पडलो राव. मी सोता मोजलं.”

“बायकांचे खडे?”

“ते सावळ्याला इचार. तो म्हनंल बावीस-पंधरा. पन्नास वर्सं तेच म्हनतोय. लबाड हाय.”

सावळेराम लेण्याद्रीच्या पायऱ्यांखाली काकड्या विकतो. दर्शनाला चढणाऱ्यांना उतरताना जास्त तहान लागते, म्हणून सगळा धंदा दुपारनंतर. मी सकाळी गाठला.

“बावीस-पंधरा,” तो विचारायच्या आत म्हणाला.

“बाबा, साळुबाईनं पाठवलंय.”

त्यानं अर्धी सोललेली काकडी तशीच खाली ठेवली.

“जिती हाय व्हय ती?”

“कडक आहे.”

त्यानं सुरी फडक्याला पुसली. मग म्हणाला, “दादा खरं सांगतो. एकोनीस-अठराच व्हतं.”

“आणि तिचा खडा?”

“चिंदीच्या डब्यात टाकला.”

“पण तिनं साध्यात टाक म्हणून सांगितलं होतं.”

“सांगितलं व्हतं. चार बाया ऐकत्यात, मला वाटलं लाजंनं म्हनतीय. डबा तिचा, चिंदी तिची, मानूस… आता कुठली बाई सोताच्या डब्याइरुद जाती, सांग बरं तू.” त्यानं मीठ-तिखटाचा डबा उगाच उघडला, मिटला. “मोजल्याव ध्यानात आलं, एकाचाच फरक. मग मी बावीस-पंधरा धरून बसलो. फरक मोटा आसला म्हंजी एका खड्याचं कुनी इचारीत न्हाई.”

परत येताना ओझरच्या पुढं मी गाडी थांबवून उगाच टायर तपासला. तिला काय सांगायचं ते जुळत नव्हतं. मागच्या विधानसभेला मी तिला मतदानाला नेलं होतं. बटण दाबून ती यंत्राच्या काचेआडची चिठ्ठी दिसेनाशी होईपर्यंत वाकून राहिली, आणि साहेबाला म्हणाली, “पडलं का नीट?” रांग हसली होती. सगळ्यात मोठ्यानं मीच.

शेवटी जसं होतं तसं सांगितलं. ती शेंगा फोडत होती. हात थांबले नाहीत.

“म्हंजी खडा साध्यात पडता तर?”

“अठरा-एकोणीस. दादाभाऊ निवडून आले असते.”

“म्हंजी भिमाजी पडला व्हता.”

“हो.”

“आन त्याला कुनी सांगितलं न्हाई.”

मुंबईहून त्याची दोन पत्रं आली होती. दुसऱ्यात ‘पावसापर्यंत येतो’ असं होतं. मग आणीबाणी लागली. कुणी म्हणालं नागपूरला पाहिला, कुणी म्हणालं नाही. तिचं लग्न घोडेगावच्या अंगाला झालं. दोन मुली झाल्या, नवरा गेला, ती परत इथं आली. हे सगळं तिनं शेंगा फोडताफोडता सांगितलं. ज्याला पडल्याचं कळलंच नाही त्या माणसाबद्दल मात्र हळू आवाजात बोलली, जणू तो शेजारच्या खोलीत झोपलाय.

“आता दुरुस्ती छाप,” ती म्हणाली.

मी दोनशे चिठ्ठ्या काढायचं कबूल केलं. तिनं मजकूर सांगितला : ‘निवड बिनविरोध नव्हती. साळुबाईचं मत साध्या डब्यात होतं. ते पोचलं नाही.’

“झालं?”

“डब्याचंबी लिव.”

“कुठल्या?”

“चिंदीच्या. जाताना त्यातच भाकरी बांधून दिल्ती. म्हनला, डबा आनून देतो.”

“आजी, पन्नास वर्षं झाली.”

“व्हऊ दे. डबा माझाच हाय.”

चिठ्ठ्या सगळ्या प्रतींना चिकटवून झाल्या. तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय : पितळी डबा, झाकणाला एक चेपा, कडीला हिरवी चिंधी. अजून आलेला नाही.