पिन न काढलेलं पाकीट

आमच्या वस्तीतून पहिल्यांदाच एक मुलगा डॉक्टर झाला, तेव्हा विहारात त्याचा सत्कार झाला आणि हार घालायचा मान माझ्या वडिलांना मिळाला. तेव्हापासून घरात कुणी शिंकलं तरी बोपोडीतल्या त्याच्याच दवाखान्यात जायचं. वडील त्याच्याहून कितीतरी मोठे, तरी तो दिसला की ‘डॉक्टरसाहेब’ म्हणत उठून उभे राहायचे. मी चिडवायचे, "आता सलामही ठोका." ते हसायचे नाहीत.

वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्याच हिवाळ्यात त्यांना खोकला लागला. डॉक्टरने एक्स-रे काढायला सांगितला. तो घेऊन आम्ही गेलो तेव्हा दवाखान्यात बसायला जागा नव्हती. त्याने फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली. "साफ आहे काका. धुळीची अ‍ॅलर्जी दिसते," म्हणाला, गोळ्या लिहून दिल्या आणि पाकीट आम्हाला परत केलं.

घरी आल्यावर त्या मोठ्या पाकिटात एक छोटं पाकीट सापडलं. आत एक्स-रेचा रिपोर्ट, वर डॉक्टरचं नाव, तोंडाला स्टेपलरची पिन. मी विचारलं, "उघडून बघू का?"

"दुसऱ्याच्या नावाचं पाकीट आपण फोडत नसतो," वडील म्हणाले. "आणि साहेबांनी बघितलंय ना?"

मी हिंजवडीतल्या एका कंपनीत टेस्टर. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचाच मला पगार मिळायचा. पण सकाळची बस गाठायची होती, इस्त्री व्हायची होती. मी पाकीट कपाटात ठेवून दिलं.

आठ महिन्यांनी खोकल्यातून रक्त पडलं. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी जुना एक्स-रे मागितला. त्यांनी नखाने पिन उचकटली, कागद वाचला आणि माझ्याकडे सरकवला. उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला गाठीचा संशय, ताबडतोब सीटी स्कॅन करावा. तेव्हाच कळलं असतं तर ऑपरेशन झालं असतं का, असं मी विचारलं. "कदाचित," त्या म्हणाल्या. त्या शब्दाचा मला अजून राग येतो.

मी शिवाजीनगरच्या एका वकिलांना गाठलं. ते सरळ बोलले. "रिपोर्ट न वाचणं हा निष्काळजीपणाच. ग्राहक मंचात तक्रार करता येईल, दोन वर्षांची मुदत असते. पण एक प्रश्न तुम्हालाही विचारतील. पाकीट आठ महिने तुमच्याच घरात होतं, तुम्ही का नाही उघडलंत?"

वडिलांनी अंथरुणातूनच नकार दिला. "त्याची पाटी उतरवायला लोक टपलेलेच आहेत. त्यात आपला हात नको." मी भांडले, धड बसताही न येणाऱ्या माणसाशी, तावातावाने. त्याची मला लाज वाटते. दोन महिन्यांत ते गेले.

जलदानविधीला डॉक्टर आला आणि मागे बसून राहिला. लोक पांगल्यावर माझ्यापाशी येऊन म्हणाला, "ताई, तो रिपोर्ट उघडायचा राहिला माझ्याकडून." मला वाटलं, इथेच त्याची गचांडी धरावी. तेवढ्यात आईने त्याच्यापुढे चहा ठेवला. त्याने तो प्यायला नाही, पण कप धरून बराच वेळ बसला.

तक्रारीचे कागद मी तयार करून घेतले होते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी रजा टाकली, कागद मांडीवर घेऊन बसले आणि मंच बंद व्हायची वेळ टळून गेली. आई म्हणाली, "ह्यांचा शब्द राखलास." मी तिला तसंच समजू दिलं. खरं सांगायचं तर त्या डॉक्टरला मी आजही माफ केलेलं नाही. मला वकिलांच्या त्या एका प्रश्नाची भीती वाटली होती. पिन काढायला डॉक्टरीणबाईंना नुसतं नख पुरलं होतं. नखं मलाही होती.