पन कसं?

भोकरदनच्या शाळेत माझ्या आणि शेजारच्या गुरुजींच्या वर्गांच्या मध्ये नुसता काट्याकुट्यांचा कूड होता. त्यामुळे त्यांचं गणित मला दिवसभर ऐकू यायचं. माझी पोरं पाढे घोकायची, त्यांची पोरं जमिनीवर चिंचोके मांडायची. उत्तर बरोबर आलं तरी गुरुजी सोडत नसत. मान तिरकी करून म्हणत, "बराबर हाये. पन कसं?" मग पोरगं चिंचोक्यांच्या ओळी लावून दाखवी आणि गुरुजी स्वतःलाच कोडं सुटल्यासारखे हसत.

कुंभाराची गोदा सगळ्यांत मागे होती. कितीतरी महिन्यांनी तिला गुणाकार म्हणजे काय ते उमजलं, आणि नेमके त्याच आठवड्यात तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षणखात्याचे, साहेब तपासणीला आले. त्यांनी गोदेला सहा चोक किती ते विचारलं. ती खाली बसून ओळी लावू लागली.

"ये क्या खेल है, मास्टर?"

गुरुजींनी तिच्या हातावर फाडकन मारलं. चिंचोके कुडाखालून माझ्या वर्गात घरंगळत आले.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी ते स्वतः वेचून तिच्यापुढे ठेवले. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"न्हाई गुरुजी. आता पाठ झालंय मला."

तिने सहाचा पाढा घडाघडा म्हणून दाखवला. एकही चूक नव्हती. मी कुडापाशी कान देऊन थांबलो, पण नेहमीचा प्रश्न काही आला नाही. फटीतून पाहिलं, तर गुरुजी पोरांकडे पाठ करून कोरा फळा पुसत होते.