दिवाणाखालचं पार्श्वसंगीत

माझ्या नणंदेचं लग्न एका भुतानं जमवलं.

सुधाला बघायला डभोईहून मंडळी येणार होती. आधीची दोन स्थळं आमच्या कारेलीबागेतल्या घरी पोहे खाऊन गेली ती गेलीच, म्हणून या वेळी सगळी सूत्रं मी हातात घेतली.

"वहिनी, मागे संगीत हवं. माणूस कानानं विरघळतो," माझे दीर विलासभावोजी म्हणाले. भावोजींना थिएटरात आठवडाभरही न टिकणारे सिनेमे आवडत. त्यांच्या सगळ्यात लाडक्या सिनेमात भूत शेवटपर्यंत दिसतच नाही, नुसतं वाजतं.

"सनई लावा. हळू. आणि टेपरेकॉर्डर कुणाला दिसता कामा नये," मी बजावलं.

भावोजींनी तो दिवाणाखाली सारला. ऐन वेळी दिवे गेले तर पंचाईत नको, म्हणून मी त्यात नवे सेल घातले. (माझी दूरदृष्टी घरात प्रसिद्ध आहे.)

मंडळी आली. मुलाची आई नेमकी त्याच दिवाणावर ऐसपैस बसली. सनई सुरेख चालली होती. सुधा चहाचा ट्रे घेऊन दारात आली, तेवढ्यात कॅसेटची एक बाजू संपली आणि दुसरी आपोआप सुरू झाली. दुसऱ्या बाजूला भूत होतं.

आधी दार करकरलं. मग एकटं व्हायोलिन. मग ढोल, छातीतल्या ठोक्यांसारखा.

सुधा तीच, साडी तीच. पण ती एकेक पाऊल पुढे येऊ लागली तसं या चहात काहीतरी घातलंय असं मलाही वाटू लागलं. चहा मीच केला होता! मुलाच्या वडिलांनी पोह्यांचा उचललेला चमचा परत बशीत ठेवला. आमच्या सासूबाई पाहुण्यांकडे बघून साध्याच हसल्या, तेही भयंकर दिसलं.

"भावोजी, बंद करा ते," मी कुजबुजले.

"कसं करू? काकूंचे पाय मध्ये आहेत."

मग मी पॅसेजमध्ये जाऊन मेन स्विच पाडला. पंखा थांबला, दिवा गेला, खोलीत अंधारून आलं. संगीत मात्र माझ्या नव्या सेलवर ठणठणीत चालू. आता तर त्यातली बाई किंचाळली. पाठोपाठ मी.

"काकू, चहा घ्या ना. साखर बेताची आहे," सुधा शांतपणे म्हणाली. (भावोजींबरोबर तो सिनेमा तिनं इतक्यांदा पाहिला होता की किंचाळी कुठे येते ते तिला पाठ होतं.)

मी स्विच वर केला तेव्हा काकू चहा पीत होत्या. "मुलगी पसंत आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांचा आवाज याहून मोठा. मला धीराचीच सून हवी होती."

माझा जीव भांड्यात पडला. पेढे फिरले, हसणं झालं. निघताना काकूंनी भावोजींना बाजूला घेतलं.

"संगीत झकास होतं हो. फक्त ती दुसरी किंचाळी काढून टाका. जरा खोटी वाटते."