भुगा तेवढा परत आला

वर्तमानपत्राच्या कचेरीत जुन्या अंकांच्या फायली सांभाळणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. नवरा गेल्यावर त्या इथे चिकटल्या आणि फायलींच्या खोलीतच केस पिकले. कागद इतका ठिसूळ, की पान उलटताना कोपरा हातात यायचा. मावशी पातळ कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवून एकेक फाईल धडधाकट करत. "पोटच्या पोरांचे नाही केलेस इतके लाड!" बहीण चिडवायची.

लेकीच्या बाळंतपणासाठी त्या रजेवर गेल्या. परत येऊन खोलीचं दार उघडलं आणि दारातच थिजल्या. रॅक रिकामे. फरशीवर नुसता पिवळा भुगा.

"मावशी, आनंदाची बातमी!" संपादक मागून आले. "सगळं स्कॅन झालं. आता कुणीही घरबसल्या वाचेल."

"आणि फायली?"

"रद्दीत दिल्या. ठेवून करायचंय काय?"

मावशी खुर्चीत टेकत म्हणाल्या, "दाखवा तरी."

संपादकांनी संगणकावर एक पान उघडलं. फायलीच्या शिवणीकडचा रकाना काळा ठिक्कर. शिवलेल्या फायली न उसवताच यंत्राखाली दाबल्या होत्या. पुढचं पान तसंच. त्याच्या पुढचंही. प्रत्येक बातमी अर्ध्यावर तुटलेली.

"नमुना छान दाखवला होता हो स्कॅनवाल्यांनी," संपादक पुटपुटले.

दोघं तडक रद्दीवाल्याच्या गोदामावर गेले.

"माल कधीच कागदाच्या गिरणीत गेला," तो म्हणाला. "लगदाही झाला असेल. हा ढीग तेवढा त्यांनी परत धाडला. म्हणाले, असला भुसकट कागद नको."

मावशी ढिगापाशी बसल्या. वरची फाईल ओळखीची होती, तिच्याखालचीही. ज्यांना हात लावायला सवड झाली नव्हती, त्याच या सगळ्या. दुरुस्त केलेली एकही नव्हती.

"धड होत्या म्हणून गेल्या," त्या म्हणाल्या. "मीच केल्या होत्या ना धड."

संपादकांनी फायली टेम्पोत चढवल्या.

आता मावशी फायली उसवून देतात, संपादक स्वतः एकेका पानाचा फोटो काढतात. कडेचा रकाना स्वच्छ दिसतो. पण कुणी गिरणीत गेलेल्या वर्षांचा अंक मागायला आलं, की मावशी सवयीने उठतात, रॅकपर्यंत जातात आणि तिथेच उभ्या राहतात.