गोणपाटाखालचे बांगडे

आता माझा गाढवपणा मीच माझ्या तोंडाने सांगायचा म्हणजे… पण चहा ओतलाच आहे, तर ऐका.

पनवेलच्या मासळी बाजारात माझी कोळीण ठरलेली. जनाबाई, उरणची. आठ वर्षं मी तिच्याशिवाय कुणाकडून मासे घेतले नाहीत. मी कल्ले उघडून बघत नाही, ती मला शिळं देत नाही. बस्स!

त्या रविवारी मुलीचे होणारे सासू-सासरे आमच्याकडे पहिल्यांदाच जेवायला येणार होते. मी बाजारात पोचते तर काय? जनाबाई एका चष्मेवाल्या बाईंना मागच्या, गोणपाटाने झाकलेल्या टोपलीतले बांगडे देत होती. आणि मला दाखवले समोरच्या पाटीवरचे!

डोकंच फिरलं हो माझं! म्हणजे आठ वर्षं चांगला माल झाकून ठेवत होती की काय?

"मला त्या टोपलीतले दे."

"नको ताई, ते तुमच्या कामाचे नायत."

"का? आम्ही काय फुकट नेतो?"

"अवो, ऐका तरी…"

"काही ऐकायचं नाहीये! देतेस की जाऊ पलीकडचीकडे?"

अख्खा बाजार बघायला लागला. जनाबाईने डोळे मिचकावले, मान हलवली. मला वाटलं, वर चेष्टाही करतेय! मी फणकाऱ्याने पाठ करून उभी राहिले. तिने मुकाट्याने मासे साफ केले आणि पिशवी हातात दिली.

आणि कालवण काय झालं म्हणता! होणाऱ्या व्याह्यांनी तीनदा भात घेतला. मी नवऱ्याला ऐकवलं, "बघितलंत? नुसती ओळख असून भागत नाही, भांडावं लागतं!"

पुढच्या रविवारी मी ऐटीत हजर. "जनाबाई, आजही त्याच टोपलीतले दे गं."

ती अशी हसली की पाटी हलली!

"ताई, ते फुटके बांगडे मांजरांचे! त्या चष्मेवाल्या बाई नेतात ना, गल्लीतल्या मांजरांना. तुमाला मी पाटीवरचेच दिले."

"अगं, मग सांगायचं नाही का?"

"तुमी बोलू देता कुठं? नाय म्हटलं असतं तर पलीकडं गेला असता. ते दिले असते तर परत आलाच नसता. मंग मी काय करू?"

मला कुठे तोंड लपवू असं झालं. तेवढ्यात त्याच चष्मेवाल्या बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मला ओळखून किती प्रेमाने म्हणाल्या, "त्या दिवशी फार जीव तोडून मागत होतात हो! तुमच्याकडे किती मांजरं आहेत?"

"एकच आहे," मी म्हटलं, "पण उगाचच फिस्कारते."