कांद्यांची भादरलेली दाढी

गॅसवर दूध, एका हातात डब्याचं झाकण, दुसऱ्या हातात लेकीची वेणी, आणि तेवढ्यात दार असं धडाधडा वाजलं की दूध उतू गेलं आणि वेणी सुटली.

दारात वरच्या मजल्यावरच्या बाई. त्या कोपऱ्यावरच्या शाळेत जीवशास्त्र शिकवतात. एकाच पायात चप्पल, हातात पाण्याचा पेला, पेल्याच्या तोंडावर बसवलेला कांदा.

"वहिनी, मुळं फुटलेला कांदा आहे का हो तुमच्याकडे? आत्ताच्या आत्ता हवाय!"

मागोमाग त्यांच्या थोरल्या जाऊबाई जिना उतरल्या. हातात कात्री. "एवढं काय आभाळ कोसळलंय? कांद्यांना दाढी वाढली होती, भादरली! खिडकीत कसं दिसत होतं ते."

जाऊबाईंना टापटिपीचं वेड. पायपुसण्याच्या दशासुद्धा कापून सारख्या करतात. बाईंनी जीव लावून वाढवलेली खिडकीतली सगळी मुळं त्यांनी सकाळी उठल्या उठल्या उडवून कचऱ्याच्या गाडीत टाकली होती.

"परत येईल की! केस नाही वाढत?"

"केस बुडातून वाढतो, जाऊबाई. मूळ टोकातून वाढतं!" बाई उंबऱ्यातच शिकवायला लागल्या. "टोकापाशी एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार. जरा मागे राहिलेल्या पेशी पाणी पिऊन लांब होतात आणि टोकाला मातीत पुढे रेटतात. तुम्ही कारखानाच कापलात! आता नवी मुळं फुटेपर्यंत मी काय करू?"

"मग आधी सांगायचंस," जाऊबाई म्हणाल्या; पण कात्री हळूच पाठीमागे गेली.

बाईंचा जीव टांगणीला लागला होता, त्याला कारण होतं. शाळेतलं त्यांचं हे शेवटचं वर्ष. पेशी कशी विभागते हे त्यांनी फळ्यावर इतक्यांदा काढलंय की डोळे मिटूनही काढतील. पण स्वतःच्या डोळ्यांनी एकदाही पाहिलेलं नाही. कॉलेजात पेशी बघायला केलेली त्यांची काच कोरीच निघायची, आणि शाळेतल्या सूक्ष्मदर्शकात धुक्याखेरीज काही दिसत नाही. आज एका कॉलेजने चांगला सूक्ष्मदर्शक उसना दिला होता, तोही मधल्या सुट्टीपर्यंतच.

मी लाज गिळली आणि सिंकखालची टोपली ओढली. 'उद्या आवरू' म्हणत राहिलेली. तळाच्या ओल्या फडक्यावर एक कांदा लवंडला होता, आणि त्याला पांढरीशुभ्र, रसरशीत मुळं!

बाईंनी मला मिठीच मारली. "वहिनी, तुमचा पसारा कधी आवरू नका!"

जाऊबाईंनी नाकाला पदर लावला. "मी घालते हिची वेणी. जा तुम्ही दोघी."

मुळं सुकायला नकोत म्हणून पेला धरून मी स्कूटरवर मागे बसले. गचका बसला की आधी कांदा सावरायचा, मग स्वतःला.

प्रयोगशाळेत मुली वाटच पाहत होत्या. बाईंनी मुळाचं तिळाएवढं टोक कापलं, आम्लात गरम केलं, लाल रंगात भिजवलं, काचेवर ठेवून वर पातळ काच घातली आणि अंगठ्याने दाबली. कट्! काच फुटली.

"बाई, पेशी चेपायचीय, झुरळ नाही," मी म्हटलं. मुली खिदळल्या, बाईही हसल्या. आणि त्यांनी नवी काच घेतली.

पुढच्या काचेत नुसत्या लांबट पेशी, विटा रचल्यासारख्या. "घाईत जरा वरचा तुकडा घेतला गं. ही लांब होणाऱ्यांची वस्ती. विभागणाऱ्या खाली राहतात, अगदी टोकाला." मग श्वास रोखून त्यांनी पुन्हा टोक कापलं, काच तयार केली आणि चष्मेवाल्या मुलीला बसवलं. "तुझा हात स्थिर आहे. तू शोध."

मुलगी बराच वेळ काच सरकवत राहिली. मग किंचाळलीच, "बाई, सापडली! गुणसूत्रांचे दोरे दोन्हीकडे ओढले गेलेत!"

एकच झुंबड उडाली. बाई एकेकीला पुढे ढकलत होत्या, "तू बघ, आता तू." माझाही नंबर लागला. लाल पेशींच्या गर्दीत एक पेशी, तिच्या पोटात दोऱ्यांचे दोन झुपके, एकमेकांकडे पाठ करून दोन टोकांना निघालेले. एकीच्या दोन व्हायच्या बेतात! माझ्या सिंकखाली, माझ्या नकळत, हे चाललं होतं!

मधल्या सुट्टीची घंटा झाली. कॉलेजचा शिपाई खोका घेऊन दारात उभा. "मॅडम, न्यायचाय."

त्याने हात पुढे केला तशा बाई मध्ये आल्या. चष्मा कपाळावर सरकवला, ओले हात साडीला पुसले.

"दादा, जरा थांबा. सगळ्यांचं झालं, माझं राहिलंय. मला एकदा बघू द्या."